हापसा, वही आणि चाळिशीनंतरचा प्रवास

मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ देता देता एका गृहस्थांनी मला विचारले, "काय हो, तुम्ही म्हणे आफ्रिकेत विहिरी खणून आलात?" मी एकही विहीर खणलेली नाही. युगांडात तीन आठवड्यांत मी जे काम केले, त्यातले निम्म्याहून अधिक म्हणजे एका शाळकरी वहीतला मजकूर संगणकावर उतरवून घेणे. पण हातात तिळगुळाची वडी घेऊन हे समजावून सांगणे जमले नाही. नंतर महिनाभरात चार-पाच जणांचे फोन आले. सगळे चाळिशी-पन्नाशीतले. मुले कॉलेजात गेलेली किंवा जाण्याच्या बेतात, घराचे हप्ते आवाक्यात आलेले, आणि "आता काहीतरी करावं" अशी हुरहूर लागलेली. जायचे कसे, खर्च किती, आपल्याला घेतात का, आणि आपला तिथे खरोखर उपयोग होतो का, हे त्यांचे प्रश्न. पहिल्या तिघांची उत्तरे सोपी आहेत. चौथ्यासाठी हा लेख.

वयाचे आधी सांगतो. जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ साली पीस कोअरमध्ये दाखल झाल्या तेव्हा त्या ६८ वर्षांच्या होत्या. शिक्षणाने नर्स. त्यांना पाठवले कुठे, तर आपल्या विक्रोळीला! सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचे काम मिळाले, ते त्यांना फारसे रुचले नाही. पुढे तिथल्या गोदरेजच्या दवाखान्यात त्या रमल्या. घरी लिहिलेल्या त्यांच्या पत्रांचे पुस्तक १९७७ मध्ये, मुलगा अध्यक्ष असताना, प्रसिद्ध झाले. पीस कोअरचा भारतातला कार्यक्रम १९७६ मध्ये बंद झाला. पण २००६ मध्ये जिमी कार्टर स्वतः वयाच्या ८२ व्या वर्षी लोणावळ्याजवळ हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीच्या शंभर घरांच्या बांधकामावर हातोडा घेऊन उभे होते. तेव्हा "आता या वयात काय" हे कारण आपल्याला वापरता येणार नाही.

पीस कोअरला आजही वयाची वरची मर्यादा नाही. नागरिकत्व मात्र अमेरिकेचे लागते, ग्रीन कार्ड चालत नाही, आणि मुदत प्रशिक्षण धरून सत्तावीस महिन्यांची. नोकरी-घर सांभाळणाऱ्याला हे झेपणे कठीण. पण याच संस्थेची 'रिस्पॉन्स' नावाची दुसरी वाट आहे. ती अनुभवी माणसांसाठी आहे आणि तिथली कामे काही महिन्यांपासून वर्षभरापर्यंतची असतात. ब्रिटनमध्ये १९५८ साली सुरू झालेली व्हीएसओ प्रथम शाळा संपवलेल्या पोरांना परदेशी पाठवत असे. पुढे तिला कळले की मागणी आहे ती हातात कसब असलेल्या माणसांना, आणि तिने आपला रोख बदलला. आम्हा इंजिनियर मंडळींसाठी 'इंजिनियर्स विदाउट बॉर्डर्स' आहे. कोलोरॅडो विद्यापीठातले प्राध्यापक बर्नार्ड अमादेई २००० साली बेलीझमधल्या सान पाब्लो या खेड्यात गेले, परत येऊन विद्यार्थ्यांना घेऊन तिथे पाण्याची योजना केली, आणि त्यातून २००२ मध्ये अमेरिकेतली ही संस्था उभी राहिली. शिवाय दोन आठवड्यांच्या सहली विकणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांच्याबद्दल माझा अनुभव सांगितलाच पाहिजे, कारण माझी सुरुवात तिथून झाली.

एकेचाळिसाव्या वर्षी मी अशाच एका कंपनीला बरेच डॉलर मोजून मध्य अमेरिकेतल्या एका खेड्यात गेलो. काम होते शाळेची भिंत रंगवण्याचे. आम्ही बाराजण, त्यात एक हृदयरोगतज्ज्ञ, दोन वकील आणि यंत्र अभियांत्रिकीत पीएच.डी. करून पुढे आयुष्यभर सॉफ्टवेअर लिहिलेला मी. रंग देण्याआधी भिंत खरवडावी म्हणून मी पत्रा घासायला घेतला, तर आमच्या आकाशी रंगाखाली पिवळा निघाला, त्याखाली हिरवा, त्याखाली पुन्हा आकाशी. पापुद्रे मोजले तेव्हा कळले की दर मोसमात कोणीतरी येऊन ही भिंत रंगवून जात होते. कोपऱ्यात गावातला एक रंगारी आम्हाला ब्रश धुऊन देत उभा होता. मी घरी आलो तो उन्हाने रापून आणि थोडा ओशाळून. फोटो मात्र छान आले.

हे सगळे मी फोनवर अण्णांना, म्हणजे वडिलांना, सांगितले. अण्णा सोलापूर जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा खात्यात ओव्हरसियर होते. १९७२ च्या दुष्काळात ते नोकरीत नवे होते. ते हसले नाहीत. एवढेच म्हणाले, "आपल्या मंगळवेढ्याला उन्हाळ्यात टँकर येतो. तू रंग लावायला तिकडं कशाला गेलतास?"

या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. इथे राहणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला तो कोणी ना कोणी विचारणारच.

पाच वर्षांनी युगांडाची संधी आली. व्यावसायिक इंजिनियरांचा एक लहानसा स्वयंसेवी गट मसाका भागातल्या एका स्थानिक संस्थेबरोबर काम करत होता. त्या संस्थेने मागणी कळवली होती: गावोगावचे हापसे बंद पडतात, कोणते का पडतात याचा तपास करायला माणूस हवा. मी लगेच मनात योजना आखली. प्रत्येक हापशाच्या दांड्यावर एक छोटा सेन्सर, त्यात मोबाइलचे सिम, हापसा थांबला की संदेश, आणि इकडे माझ्या पडद्यावर नकाशात लाल ठिपका! दोन महिने शनिवार-रविवार खपून मी नमुनाही तयार केला. बायको म्हणाली, "तुला पंप दुरुस्त करायचेत की ठिपके बघायचेत?" मी ते कानाआड केले.

एंटेबीला उतरून कंपालामार्गे मसाक्याला जाताना वाटेत कयाब्वे येथे विषुववृत्त ओलांडले. तिथे एक तरुण घमेल्यात पाणी ओतून दाखवतो: रेषेच्या या बाजूला भोवरा डावीकडे, त्या बाजूला उजवीकडे, आणि रेषेवर सरळ खाली. पाच-दहा पावलांत पृथ्वीच्या फिरण्याचा असा परिणाम होत नसतो, ती सगळी पाणी ओतण्याच्या हाताची करामत. पण त्याने ती इतक्या सफाईने केली की मी गुमान पैसे दिले. पुढे गाव लागले की पोरे माझ्या गोऱ्या सोबत्याला पाहून "मुझुंगू, मुझुंगू" ओरडत आणि मला पाहून "मुयिंडी!" म्हणजे हिंदी माणूस. त्या शब्दामागे तिथे बराच इतिहास आहे. १९७२ साली, म्हणजे आमच्याकडे दुष्काळ चालला होता तेव्हा, इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावले. बहुतेक गुजराती, काही गोव्याचेही. पुढे काहीजण परतले. त्यांनी नेलेली चपाती मात्र कुठेच गेली नव्हती. रस्त्याकडेला तव्यावर अंड्याच्या पोळीसह गुंडाळून 'रोलेक्स' नावाने ती विकतात, आणि फार चांगली लागते.

पहिल्या दिवशी पहिल्याच हापशापाशी मी थबकलो. चौकोनी डोके, लांब दांडा, पुढचे झाकण उघडले की आत साखळी. हा तर आमच्या गावच्या देवळामागचा हापसा! तो इंडिया मार्क टू होता. युगांडात त्याला 'यू-टू' म्हणतात.

याची कहाणी थोडी सविस्तर सांगतो, कारण ती आपल्याकडची आहे. १९६० नंतर दुष्काळी भागात बोअर मारून हापसे बसवण्याची मोहीम निघाली, तेव्हा बसवले गेले ते ओतीव लोखंडाचे, युरोप-अमेरिकेतल्या शेतघराच्या अंगणात शोभतील असे पंप. एका कुटुंबाने दिवसातून चार बादल्या काढाव्यात एवढीच त्यांची ताकद. त्यावर अख्खे गाव पहाटेपासून हापसू लागले आणि पंप मोडून पडले. १९७४ च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश हापसे बंद आढळले. पण जालना आणि सोलापूर भागात दुष्काळात बोअर मारणाऱ्या मिशनच्या लोकांनी आणि तिथल्या मिस्त्र्यांनी पोलादाचे भाग वेल्ड करून एक दणकट हापसा घडवला होता. दांडा आणि पंपाची सळई यांना जोडायला सांध्याऐवजी साखळी, म्हणजे सळई नेहमी सरळ उभी ओढली जाते आणि झिजत नाही. या सोलापूर पंपाचा घाट आधाराला घेऊन, मद्रासला त्यावर आणखी काम होऊन, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडिया मार्क टू तयार झाला. पुढे तो लाखोंनी बनला आणि आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत पोहोचला. परदेशी माणसे मदतीला येऊन खरोखर उपयोगी ठरली अशी गोष्ट शोधायची तर ती सोलापूर-जालन्यातच सापडते: बाहेरच्यांनी बोअरची गाडी आणली, आणि ते राहिले इतके दिवस की आपला पंप मोडतो हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघावे लागले.

तर, मसाक्याचा मिस्त्री. पन्नाशी उलटलेला, सायकलच्या मागे पाने आणि दोरखंड बांधून गावोगाव फिरणारा. मी त्यांना तिकडच्या रीतीने 'मझेई', म्हणजे वडीलधारे, म्हणे. माझे पांढरे केस बघून ते मला 'सेबो', म्हणजे साहेब, म्हणत. (पंचविशीतल्या माझ्या सोबत्याला ते नुसते नावाने हाक मारत. चाळिशीचा एवढा फायदा तर झालाच.) तीन गावकऱ्यांना हाताशी धरून त्यांनी बोअरमधून पाईप एकेक करून वर ओढले. मार्क टूची ही मोठी अडचण: खालचा पन्नास पैशांचा वायसर बदलायचा तरी सगळी पाईपलाईन उपसावी लागते. वायसर ठीक होता. पण तिसऱ्या पाईपला हात लावला तर गंजाचा पापुद्रा सुटून माझे बोट आत गेले. पाणी आंबूस होते. मी पट्टी बुडवून पाहिली. पीएच सहाच्याही खाली. अशा आम्लधर्मी पाण्यात जस्ताचा मुलामा लवकर विरघळतो आणि मग लोखंड सडते. पाणी तांबडे येते, कपड्यांवर डाग पडतात, शिजवलेली केळी काळवंडतात, आणि बायका हापसा सोडून पुन्हा डबक्याकडे वळतात. पाणी वीस-पंचवीस फुटांवर, मुबलक. पण वर आणणारा पाईप सडलेला.

मी माझा सेन्सर बाहेर काढून दाखवला. मझेईंनी तो उलटसुलट करून कौतुकाने पाहिला. मग विचारले, "सेबो, हापसा बंद पडला की हे तुम्हाला अमेरिकेत सांगणार?" मी म्हटले, हो. ते म्हणाले, "मी तर इथेच असतो. मला बायका त्याच दिवशी सांगतात. माझ्याकडे बातमी आहे, पाईप नाही."

मी सेन्सर पिशवीत ठेवला. तो आजही माझ्या तळघरात आहे.

त्या संध्याकाळी त्यांनी एक जाड शाळकरी वही आणली. आठ वर्षांच्या नोंदी: गाव, तारीख, काय मोडले, काय बदलले, पैसे कोणी दिले. अक्षर सुबक, मधूनमधून पावसाचे डाग. आतापर्यंत ही वही कोणी मागितली नव्हती. पुढचे दहा दिवस सकाळी हापशांना भेटी, पाण्याची पट्टी, आणि संध्याकाळी सौरदिव्यापाशी बसून ते वाचून दाखवत, मी टंकत असे. मग नोंदी गाव आणि तारीख यांप्रमाणे लावल्या. त्यासाठी पीएच.डी. लागत नाही, दहावीतल्या मुलालाही येईल. पण लावल्याबरोबर दिसले की ज्या हापशांचे पाईप दोन-अडीच वर्षांत पुनःपुन्हा बदलले गेले, ते जवळपास सगळे कमी पीएचच्या पट्ट्यात होते. आणि दरवेळी कोणा ना कोणा दानशूर पाहुण्याने तेच जस्ताचे पाईप नव्याने घेऊन दिले होते. आकाशीवर पिवळा, पिवळ्यावर हिरवा!

तो तक्ता मझेई आणि स्थानिक संस्थेची बाई असे दोघे घेऊन जिल्ह्याच्या पाणी कार्यालयात गेले. मी मुद्दामच गेलो नाही. मी गेलो असतो तर साहेबांनी माझ्याशी बोलून मला चहा पाजला असता आणि विषय तिथेच संपला असता. पहिल्या वर्षी चार हापशांना स्टेनलेस स्टीलचे पाईप बसले, पुढच्या वर्षी आणखी तीन. बाकीचे अजून रांगेत आहेत.

आता खर्चाचे. विमान, विमा, लसी, राहणे धरून मला सुमारे साडेतीन हजार डॉलर लागले. मझेईंच्या हिशोबाने तेवढ्यात निदान दोन हापशांचे पाईप बदलून झाले असते. ही तुलना मी अनेक रात्री करून पाहिली आहे. मी घरी बसून धनादेश पाठवला असता तर पुन्हा जस्ताचेच पाईप आले असते, असे म्हणून मी स्वतःची समजूत घालतो, आणि ते खरेही आहे. पण ती वही कंपालातला एखादा विद्यार्थीही टंकू शकला असता, हेही तितकेच खरे. जे काम तिथला माणूस करू शकतो ते करायला आपण जायचे नाही, हा नियम मी भिंतीपाशी शिकलो होतो. तो मी पूर्ण पाळला असे म्हणवत नाही. त्या तीन आठवड्यांचा फायदा बहुधा हा की त्यानंतरचे काम मी घरून करू शकतो. दर महिन्याला वहीच्या पानांचे फोटो येतात, मी तक्ता नीट करून परत पाठवतो. त्याला विमान लागत नाही, पण त्यांची ओळख नसती तर मला पान पाठवले कोणी असते?

म्हणून फोन करणाऱ्यांना मी पहिले विचारतो: तुम्हाला बोलावले कोणी? नाव सांगता येईल असा तिथला माणूस, ज्याचे काम तुमच्या आधी चालू होते आणि नंतरही चालणार आहे, तो नसेल तर ती सहल समजा. सहलीत वाईट काही नाही, फक्त तिला सहल म्हणा. मुलांच्या बाबतीत मात्र मी कठोर आहे. अनाथाश्रमात दोन आठवडे लळा लावायला जाऊ नका. कंबोडियात पाहणी झाली तेव्हा अशा आश्रमांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात निघाले. पाहुण्यांचा पैसा येतो म्हणून आश्रम वाढतात आणि गरिबाघरची मुले त्यात भरती होतात. शिवाय, पार्श्वभूमी न तपासता कोणालाही मुलांजवळ जाऊ देणारी संस्था तुम्ही आपल्या मुलांसाठी निवडाल का?

प्रकृतीचे काही. आपण भारतात वाढलो म्हणून मलेरिया आपल्याला काय करणार, हा आपल्या लोकांचा आवडता गैरसमज आहे. ती प्रतिकारशक्ती इतक्या वर्षांत ओसरलेली असते, गोळ्या घ्या. युगांडासाठी पीतज्वराची लस लागते. साठीनंतर ती पहिल्यांदाच घ्यायची तर धोका थोडा वाढतो, डॉक्टरांशी नीट बोला. परतताना मुंबईला आईवडिलांना भेटायचा बेत असेल तर लसीचे पिवळे कार्ड जवळ हवेच. ते नसेल तर तिकडून आलेल्याला विमानतळावरून थेट सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. मेडिकेअर सहसा देशाबाहेर चालत नाही, तेव्हा आजारपणात विमानाने हलवण्याचा विमा घ्या. ग्रीन कार्डवाल्यांनी सहा महिन्यांवरचा मुक्काम वकिलाला विचारल्याखेरीज ठरवू नये. अमेरिकेतल्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी काम केले, आणि मौजमजेचा भाग नगण्य असला, तर प्रवासखर्चाची करात वजावट मागता येते. तुमच्या वेळेची नाही. आणि वाचायचे चष्मे दोन न्या. माझा एक बोअरमध्ये पडला.

परतताना मी तसाच सोलापूरला गेलो, पिवळे कार्ड खिशात. अण्णांना साखळीचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिले. "वायसर चामड्याचा का रबराचा?" मी म्हटले, "रबराचा." "मग बरं. चामड्याचे आम्ही तेलात भिजवून ठेवायचो."

दुसऱ्या दिवशी गावी गेलो. देवळामागचा हापसा जागेवर होता. ओटा फुटलेला, पण डोके, दांडा, साखळी शाबूत. अण्णांनी सवयीने दांडा हाती धरला आणि चार वेळा हापसला. साखळी करकरली, पाणी आले नाही. आसपास ऊस आणि डाळिंबाच्या बागा, सहाशे-सातशे फुटांवर गेलेल्या बोअर. जेमतेम दीडशे फुटांवरून पाणी ओढणाऱ्या या हापशाची पातळी केव्हाच सुटली होती. तिथे पाणी होते आणि पाईप सडले होते. इथे पाईप चांगले, पाणी गेलेले. आणि ते नेणारे आमचेच भाऊबंद, ज्यांच्या घरी आम्ही दुपारी जेवणार होतो.

"इथं काय करशील?" अण्णांनी विचारले. यावेळी आवाजात टोमणा नव्हता.

मी म्हटले, "तुमच्याकडे जुन्या बोअरच्या नोंदी आहेत का? पाणी किती फुटांवर लागलं होतं, कुठल्या साली?"

अण्णांनी दांडा सोडला. "माळ्यावर एक ट्रंक आहे," ते म्हणाले. "आईला सांगू नको. तिला वाटतं मी ते सगळं रद्दीत दिलं."